चहानंतर दिलेले गुण

माझं काम नातेवाइकांना समजावून सांगायचं मी कधीच सोडून दिलं. "गाण्यांच्या कंपनीत आहे" म्हटलं की ते मला गायला सांगतात, आणि "कम्प्युटरवर तपासणीचं काम आहे" म्हटलं की आपला लॅपटॉप दुरुस्तीला आणून देतात. मला दोन्ही येत नाही. दिवाळी अंकाच्या संपादकांनी दोन हजार शब्द दिलेत, तेव्हा इथे एकदाच नीट सांगते.

दर शुक्रवारी नवे अल्बम येतात. अल्बम म्हणजे एका गायकाची किंवा गटाची आठ-दहा गाणी, एकत्र बांधून दिलेली. आमच्या अ‍ॅपवर ते ऐकणारे रसिक त्याला दहापैकी गुण देतात आणि मग दोन दिवस भांडतात. कोणाचा अल्बम वर, कोणाचा खाली, मागच्यापेक्षा हा बरा की वाईट, सातव्या गाण्याची जागा चौथी का नाही. रविवारी दुपारी चार वाजता त्या आठवड्याची क्रमवारी बंद होते. बंद झालेली यादी पुन्हा उघडत नाही, आकाश कोसळलं तरी. निदान पन्नास जणांचे गुण असल्याशिवाय अल्बम यादीत येत नाही. या सगळ्यात माझं काम एकच: खोटे गुण शोधून काढायचे.

आधी बारा वर्षं मी एका कारखान्यात मालाच्या तपासणीवर होते. तो विभाग बंद झाला आणि मी बेंगळुरूच्या इलेक्ट्रॉनिक सिटीत या छोट्या कंपनीत आले. मुलाखतीत मला विचारलं, कसलं संगीत आवडतं? मी म्हटलं, "काम करताना बंद असलेलं." त्यांना तो विनोद वाटला. मी खरं बोलत होते.

गिऱ्हाईक म्हणावं तर आमचं गिऱ्हाईक म्हणजे हे रसिक. एक गृहस्थ दर सोमवारी मला पत्र लिहितात की, अमुक अल्बमला दिलेले ७ गुण त्यांना ७.२ करायचे आहेत, कारण अंघोळ करताना त्यातलं एक गाणं आठवलं. एक बाई कोणालाच सहाच्या वर देत नाहीत, आणि सहा दिले की खाली खुलासा लिहितात की आपण आज उदार मनःस्थितीत आहोत. दोन सख्ख्या भावांनी एका अल्बमवरून एकमेकांची तक्रार माझ्याकडे केली होती, एकाच घरातून, दोन खोल्यांमधून. अशांना मी मनापासून जपते. ते चिडके असतात, पण ऐकतात.

न ऐकता गुण देणारे वेगळे. चिकपेटमधल्या एका साडीच्या दुकानाच्या वर एक खोली होती. तिथे एका टेबलावर चाळीस फोन मांडलेले असायचे आणि एक माणूस बोटाने त्यांच्यावरून फिरायचा, पापड वाळत घातल्यासारखा. पंचेचाळीस मिनिटांच्या अल्बमला अकराव्या मिनिटाला चाळीस जणांनी दहापैकी दहा दिले, सगळे एकाच इंटरनेट जोडणीवरून. ती खोली मी हुडकली. तेव्हापासून कंपनीत मला "कात्री अक्का" म्हणतात. मला ते नाव आवडतं, हे कबूल करते. त्याच प्रकरणावरून मी एक नियम केला: एकाच जोडणीवरून, पाच मिनिटांच्या आत, दहापेक्षा जास्त जणांचे गुण आले की ते काढायचे, खाती बंद करायची आणि अल्बमवर लाल पट्टी लावायची, "गुण तपासणीत". पट्टी लागली की त्या अल्बमला नवे गुण देता येत नाहीत. ज्याच्या गुणावर शंका आहे त्याने स्वतःच्या फोनवरून, स्वतःच्या हाताने ते पुन्हा दिले आणि माझी खात्री पटली, तरच ते धरायचे. नियम चांगला होता. सहा वेळा त्याने चोर पकडून दिले. सातव्या वेळची ही गोष्ट.

तो शनिवार होता. एका फार मोठ्या गायकाचा अल्बम आदल्या दिवशी आला होता आणि त्याचे चाहते पहिल्या नंबरासाठी कंबर कसून बसले होते. दुपारी यादीत तिसऱ्या नंबरावर एक अनोळखी नाव दिसायला लागलं. धारवाडची भार्गवी. गाते आणि व्हायोलिनही वाजवते, पहिलाच अल्बम, जेमतेम त्रेपन्न जणांचे गुण. मोठ्या गायकाचे चाहते खवळले. ही कोण? हिने गुण विकत घेतले. एकाने तक्रार केली, मग दोनशेंनी.

निखिलचा फोन आला. निखिल माझा वरिष्ठ, पुण्याचा, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. "मॅम, हे ट्रेंड व्हायला लागलंय. प्लीज चेक करा ना, फास्ट."

मी तपासलं. सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांपासून चोवीसपर्यंत चौदा जणांचे गुण, हेब्बाळच्या एकाच जोडणीवरून. चिकपेटची खोली डोळ्यांसमोर आली. मी चौदाही काढले, खाती बंद केली, पट्टी लावली. त्रेपन्नातून चौदा गेले, एकोणचाळीस उरले. अल्बम यादीतून बाहेर. सहा मिनिटांत काम संपलं. निखिलने अंगठ्याचं चित्र पाठवलं आणि मी भाजी चिरायला घेतली.

रविवारी सकाळी दोन पत्रं आली होती.

पहिलं भार्गवीचं. तिने लिहिलं होतं: मी कोणाला सांगितलेलं नाही, कोणाला पैसे दिलेले नाहीत. हेब्बाळमध्ये माझं कोणी नाही. बेंगळुरूच्या एका सभागृहात दर वर्षी नव्या अल्बमांचा कार्यक्रम होतो, ते तुमच्या या आठवड्याच्या यादीतले पहिले दहा बोलावणार आहेत. त्यांचा फोन आला होता, ही लाल पट्टी कसली म्हणून. काय सांगू? गेली चार वर्षं मी लग्नांत वाजवते. आज चारपर्यंत पट्टी निघाली नाही तर मला पुन्हा कोणी विचारणार नाही.

असली पत्रं मला पुष्कळ येतात. चोरसुद्धा रडतात. मी चहा ठेवला आणि दुसरं उघडलं.

ते माधवराव इनामदार नावाच्या गृहस्थांचं होतं. सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनियर, आणि पत्रही तसंच, आकडे घालून. एक: आमच्या चौदा जणांची खाती बंद झाली आहेत. दोन: आम्ही दर शनिवारी दहा वाजता माझ्या घरी जमून एक नवा अल्बम पूर्ण ऐकतो. तीन: त्यानंतर चहा होतो. चार: चहानंतर प्रत्येक जण गुण देतो, म्हणून वेळ एक. माझ्या घरचं वायफाय वापरतो, म्हणून जोडणी एक. पाच: येऊन पाहावे. खाली पत्ता.

मी लॅपटॉप उघडला आणि त्या चौदा नोंदी पुन्हा काढल्या. माझ्या पडद्यावर खातं दिसतं, वेळ दिसते, जोडणी दिसते. गुणांचा रकाना उजवीकडे पडद्याबाहेर असतो, तो बघायला तक्ता सरकवावा लागतो. मी नियम केल्यापासून तो कधीच सरकवला नव्हता. आता सरकवला. नऊ. सात. साडेआठ. पाच. साडेसहा. चार.

चिकपेटमध्ये चाळीसच्या चाळीस दहा होते. ज्याला अल्बम वर ढकलायचा आहे तो त्याला चार कशाला देईल?

निखिलला फोन केला. तो म्हणाला, "मॅम, असू शकतं तसं. पण आता मागे घेतलं तर सगळे म्हणणार, यांची लिस्टच फेक आहे. आपली क्रेडिबिलिटी जाईल. लीव्ह इट ना, एक वीकचा प्रश्न आहे."

"कोणाच्या एका वीकचा?"

मी पर्स आणि लॅपटॉप उचलला.

आम्ही गुण देणाऱ्यांना प्रत्यक्ष भेटत नाही, तोही नियम आहे आणि तोही मीच केलेला. इलेक्ट्रॉनिक सिटीहून हेब्बाळ म्हणजे शहराचं एक टोक ते दुसरं. बस उड्डाणपुलावरून सुटली आणि खाली उतरून सिग्नलला अडकली. रविवारीसुद्धा. मी दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत होते, आणि फोनवर लोक भार्गवीला काय काय म्हणत होते ते वाचत होते. चोर हा त्यातला सभ्य शब्द होता. खाली पुरावा म्हणून माझीच पट्टी जोडलेली.

पोचले तेव्हा दोन वाजायला आले होते. तळ्यापासून जवळच, दुसऱ्या मजल्यावर. दार एका उंच, काटकुळ्या माणसाने उघडलं. मी कंपनीचं नाव सांगितलं. आत आणखी नऊ माणसं बसलेली, बहुतेक पन्नाशीच्या पुढची. कोणी खुर्चीवर, कोणी सतरंजीवर.

"बन्नी, बन्नी, या अक्का," माधवराव म्हणाले. त्यांना तिथे सगळे अण्णा म्हणत होते. घराणं चार पिढ्यांपासून बेंगळुरूत, मराठीला कन्नडची फोडणी. "तुम्हीच काय त्या, बंद करणाऱ्या?"

"मीच. अण्णा, मला फक्त दोन-चार गोष्टी विचारायच्या आहेत. चारला यादी बंद होते."

"विचारा की. पण स्वल्प थांबा. आता ऐकायला बसतोय. ऐकून झाल्याशिवाय अल्बमबद्दल बोलायचं नाही, असं आहे आमच्यात."

"कुठला अल्बम?"

"तोच. तुम्ही काढलेला." ते जरा ओशाळून हसले. "काल रात्री सगळे म्हणाले, आपलंच काही चुकलं असेल. एवढी मोठी कंपनी उगाच काढेल का? म्हणून पुन्हा ऐकून बघतोय."

त्यांनी माझ्यापुढे पोह्यांचा रिकामा स्टीलचा डबा धरला. आत दहा फोन होते. "फोन यात. बावन्न मिनिटांचं आहे. संपतं चारच्या आत."

कारखान्यातल्या बारा वर्षांत आणि नंतरच्या नऊ वर्षांत मी कधी एवढी घाबरले नव्हते. निखिल फोन करणार, भार्गवी करणार, तक्रारी वाढणार, आणि माझा फोन पोह्यांच्या डब्यात. मी तो टाकला. अण्णांनी झाकण लावलं आणि डबा स्वयंपाकघरात नेऊन ठेवला.

आता एक कबुली द्यायला हवी. नऊ वर्षं अल्बमच्या धंद्यात असून मी एकही अल्बम सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकला नव्हता. पहिली दोन गाणी मला ऐकूच आली नाहीत. भिंतीवरचं घड्याळ तेवढं दिसत होतं. दोन अठरा. दोन एकवीस. स्वयंपाकघरात डबा थरथरत होता, तो खडखडाट मात्र स्पष्ट ऐकू येत होता. कोणी मान वळवली नाही. तिसऱ्या गाण्यात आवाज थांबला आणि व्हायोलिन एकटंच राहिलं, तेव्हा माझं लक्ष पहिल्यांदा घड्याळावरून हललं. चांगलं होतं की वाईट, मला सांगता येणार नाही. एवढंच कळलं की कोणीतरी हे फार वेळ बसून केलेलं आहे, आणि मी ते सहा मिनिटांत काढून टाकलं.

तीन वाजून दहा मिनिटांनी संपलं. मी उठले.

"बसा. चहा," अण्णा म्हणाले.

"अण्णा, चहा नको. पन्नास मिनिटं राहिलीत."

"अहो अक्का, लगेच दिलेला गुण गरम असतो. थोडा निवू दे. तीस वर्षं असंच करतोय, कॅसेट होत्या तेव्हापासून."

मी तोंड भाजत चहा प्यायले. दरम्यान त्यांनी कपाटातून वह्या काढल्या. प्रत्येक अल्बमचं एक पान, पानाला टाचणीने लावलेल्या चिठ्ठ्या. एकाने दुसऱ्याची बघायची नाही. कालच्या चौदा चिठ्ठ्या होत्या. मी लॅपटॉपवरच्या रकान्याशी ताडून पाहिल्या. सगळ्या जुळल्या. अण्णांचा स्वतःचा गुण साडेसहा.

"तुम्ही साडेसहाच दिलेत?"

"शेवटची दोन गाणी ओढून लांबवलीत की. नकोच होती."

"भार्गवी तुमची कोण?"

"कोण म्हणजे? ती काय, अल्बमवर नाव आहे तिचं."

मी तिथेच बसून बंद खाती उघडली आणि गुण परत घ्यायला सुरुवात केली. डबा आला आणि नियमाप्रमाणे प्रत्येकाने आपल्या फोनवरून पुन्हा दिले. जे आले नव्हते त्यांतल्या एकाने बसमधून दिले. आणि मग अण्णांनी, मी न विचारता, मला नको असलेली गोष्ट सांगितली.

"चौघांचं मात्र वेगळं आहे हं अक्का. त्यांना ती बारीक अक्षरं दिसत नाहीत. चिठ्ठी ते लिहितात, फोनवर आमची सुमती दाबते. ती स्वतः गुण देत नाही."

म्हणजे दुसऱ्याच्या हाताने दिलेले गुण. ते धरता येत नाहीत. सुमतीबाई आणि त्या चौघांपैकी तिघे म्हैसूरला एका मुंजीला गेले होते, फोन लागत नव्हते. मी बेरीज केली. एकोणचाळीस आणि दहा. एकोणपन्नास.

निखिलला फोन केला. तो आता वेगळाच घाबरला होता, आपली चूक गाजेल म्हणून. "मॅम, घालायचेच तर मग चौदाही घाला ना. कोण बघणार आहे, कोणी दाबलं ते?"

"मी बघितलंय," मी म्हटलं. "तुम्ही काल विचारलं असतं तर मी म्हटलं असतं नियम बदला. आज नाही."

तीन पस्तीस. चौघांतल्या एक बाई तिथेच बसल्या होत्या. नलिनीबाई, वय ब्याऐंशी, चाळीस वर्षं शाळेत गाणं शिकवलेल्या. कालची त्यांची चिठ्ठी माझ्या हातात होती. चार.

मी चाचणीच्या पानावर आकडा घालून पाहिला. कालपासून बाकीचे अल्बम पुढे सरकले होते. नलिनीबाईंचे चार धरले तर भार्गवी पन्नास जणांच्या गुणांनिशी यादीत येत होती, दहाव्या नंबरावर. अगदी काठावर. सभागृहवाले पहिले दहा बोलावतात.

मी नलिनीबाईंच्या फोनवरची अक्षरं मोठी करून दिली, कुठे दाबायचं ते दाखवलं आणि हात मागे घेतले. एक वाक्य माझ्या ओठांवर होतं. कालचेच चार द्या, आजी. एवढंच. त्यात खोटं काही नव्हतं, चिठ्ठी त्यांचीच होती. पण गुण देणाऱ्याच्या कानात आकडा सांगणं आणि चिकपेटच्या टेबलावर बोट फिरवणं, यांत फरक कुठे सुरू होतो ते मला ठरवता येईना. मी गप्प बसले.

नलिनीबाईंनी चष्मा पुसला. बोट उचललं, खाली आणलं, पुन्हा उचललं. घड्याळात तीन अठ्ठेचाळीस.

"अगं, आज दिला तर आजचा द्यायचा ना?" त्यांनी विचारलं.

"हो आजी. आजचा."

त्यांनी दाबलं. साडेतीन.

"दुसऱ्यांदा ऐकलं ना," त्या मला म्हणाल्या. "चुका जास्त ऐकू आल्या. गळा चांगला आहे गं, पण घाई फार. श्वास कुठे घ्यायचा हे कोणी शिकवलेलं नाही तिला."

पट्टी काढली. खाली तीन ओळी लिहिल्या: हे गुण खरे होते, ते न बघता काढले गेले, चूक माझी, आणि माझं नाव. चार वाजता यादी बंद झाली. भार्गवी अकराव्या नंबरावर होती.

फोन मीच केला. माझं मोडकं कन्नड आणि तिचं थोडं मराठी, असं आमचं बोलणं झालं.

"पट्टी निघाली," मी म्हटलं.

"बघितलं. अकरा."

"हो."

"दहा नाही."

"नाही."

मग ती म्हणाली, "शेवटचा एक साडेतीन दिसतोय. तो त्या मोठ्या गायकाच्या लोकांपैकी कोणी दिलाय का? रागाने?"

"नाही. ऐकून दिलाय. दोनदा ऐकून."

"दोनदा ऐकून साडेतीन?" तिने विचारलं. "काय म्हणाले ते?"

गुण देणाऱ्याचं बोलणं बाहेर सांगायचं नाही, हाही नियमच. मी सांगितलं. श्वासाचं. नाव सांगितलं नाही.

"सरी. ठीक आहे," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

सभागृहवाल्यांनी त्या वर्षी पहिले दहाच बोलावले. मी त्यांना पत्र लिहिलं होतं. उत्तर सभ्य होतं. निखिलने मला महिनाभर कामापुरतं बोलून शिक्षा केली आणि मग स्वतःच गुणांचा रकाना डावीकडे आणून दिला, पहिला. आता तो सरकवावा लागत नाही. खातं बंद करण्याआधी मी तो अल्बम पूर्ण ऐकते. त्याने काम दुप्पट झालंय, आणि चोर पकडण्यात त्याचा उपयोग शून्य आहे.

शनिवारी शक्य होईल तेव्हा हेब्बाळला जाते. गुण देत नाही, मला परवानगी नाही. फोन डब्यात टाकते आणि बसते.

हे लिहून संपवतेय तो शुक्रवार आहे. भार्गवीचा दुसरा अल्बम आज सकाळी आला. महिन्यापूर्वी तिने मला विचारलं होतं, बाहेर काढायच्या आधी त्या साडेतीनवाल्यांना ऐकवता येईल का? मी नाही म्हटलं. आत्तापर्यंत छत्तीस जणांचे गुण आलेत. सभागृहवाल्यांचा कार्यक्रम याही वर्षी आहे, आणि ते या आठवड्याचे पहिले दहाच बोलावणार आहेत.

त्या अर्ध्या गुणाने भार्गवी दहावीची अकरावी झाली, हे मी नलिनीबाईंना कधी सांगितलेलं नाही. हा अंक त्यांच्या घरी येतो, तेव्हा कळेलच. पण तोवर यादी बंद झालेली असेल. मघाशी त्यांना फोन करून विचारलं, उद्या दहाला येताय ना?

"येते," त्या म्हणाल्या. "कोणाचं आहे?"

"उद्या कळेल, आजी."

"बरं. तू ऐकलंस का? कसं आहे?"

मी अजून ऐकलेलं नाही. दुपारपासून तीनदा लावलं आणि तीनदा पहिल्या गाण्यातच बंद केलं. मी तिचे श्वास मोजत बसते.